टाळीला जागा

आप्पारावांच्या अंगदला बोलता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. बाजारात बैल घेताना दलालाशी, बांधावरून भावकीशी तो चांगला खणखणीत बोलायचा. फक्त हातात माईक आला की जीभ टाळूला चिकटायची. माईक दातांवर आपटायचा आणि ती टकटक लाऊडस्पीकरमधून अख्ख्या गावाला ऐकू जायची. मागच्या झेंडावंदनाला त्यानं 'जय हिंद' एवढंच म्हणून माईक परत दिला. गावानं ते भाषण मनापासून नावाजलं. उन्हात उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांनी तर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या कोणाच्या घरी हा गुण ठरला असता. पण आप्पाराव म्हणजे पंचायत समितीची खुर्ची उबवून उठलेला माणूस, आणि उठला तोही जागा पोरासाठी राखून. दिंद्रुडकडच्या गणात येत्या निवडणुकीला अंगदचं नाव धरलेलं होतं. आणि आमच्या भागात उमेदवार लोकांपुढं पहिल्यांदा उभा राहतो तो प्रचाराच्या सभेत नाही, कोणाच्या तरी दहाव्याला. घाटावर पिंड मांडलेला असतो, माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली असतात, आणि त्या रिकाम्या वेळात पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात. मंडप लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि उठून जायला लोकांना तोंड नसतं. लग्नाला आला नाही तर माणूस विसरतो. दहाव्याला कोण आलं, कोण नाही आलं आणि कोण काय बोललं, हे त्या घरात पिढीभर जमेला राहतं.

म्हणून आप्पारावांनी पोराच्या जिभेवर इलाज शोधला. तो पुण्याहून खोक्यात घालून आला.

डोळ्यावर बांधायचा एक डबा आणि दोन हातांत धरायच्या दोन मुठी. डबा बांधला की माडीवरची खोली नाहीशी व्हायची आणि अंगद एका मोठ्या सभागृहात उभा असायचा. समोर पाचशे माणसं बसलेली. शेजारी प्रियदर्शनी मॅडम. मॅडम खऱ्या पुण्यात, आपल्या घरी, आपला डबा बांधून बसलेल्या. पण सभागृहात त्या अंगदच्या हाताच्या अंतरावर असायच्या. बँकेचे साहेब, घरं विकणारी पोरं, असल्यांना त्या बोलायला शिकवायच्या. गावानं डब्याला लगेच नाव ठेवलं, झापड. घाण्याच्या बैलाला बांधतात तसली.

अंगदला सुरुवातीला मॅडमकडं बघवेना. कमरेपासून खाली त्या नव्हत्याच. वरचं अंग तेवढं हवेत तरंगायचं. घरातलं वळण असं की शिकवणाऱ्याच्या पाया पडायचं. हा वाकायचा, आणि वाकल्यावर हात कुठं लावावा हे त्याला कळायचं नाही.

"अंगदजी, तुम्ही खाली काय शोधताय?" मॅडमनी विचारलं.

"काही न्हाई मॅडम. पाय."

खोलीत सोमनाथ बसलेला असायचा. आप्पारावांचा ड्रायव्हर. एकदा मॅडम म्हणाल्या, दोन पावलं पुढं या, तर अंगद कपाटाला जाऊन धडकला. तेव्हापासून सोमनाथला राखणीला बसवलं होतं. त्याला ना सभागृह दिसायचं, ना मॅडम. त्याला दिसायचा तो डोळे बांधलेला अंगददादा, भिंतीकडं तोंड करून हातवारे करणारा.

मॅडमचा मंत्र एकच होता. "टाळी मागायची नाही. टाळीला जागा सोडायची. आवाज वर न्या, थांबा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, मग मध्ये. चेहऱ्यावर थोडं हसू ठेवा. टाळी आपोआप येते."

आणि यायची. अंगदनं आवाज चढवून थांबावं की पाचशे माणसं हात उचलायची. पहिल्यांदा टाळी आली तेव्हा त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा आली. त्यानंतर मॅडमचा तास नसला तरी तो माडीवर जायला लागला. आपण आप्पारावांचं पोरगं आहोत हे तिथल्या कोणाला माहीत नाही, तरी टाळ्या देतात, हे त्याला फार सुखावून गेलं. ती माणसं आवाज चढवून थांबणाऱ्या कोणालाही टाळ्या देत होती. पण हे त्याला कोण सांगणार? मॅडम सांगायच्या नाहीत आणि आप्पारावांना गरज नव्हती.

सोमनाथची मात्र पंचाईत व्हायची. त्याच्या कानावर फक्त अंगदचा आवाज पडायचा. दादा ओरडायचे, थांबायचे, आणि खोलीत काहीच व्हायचं नाही. दादा तसेच हसत उभे. मालकाचं पोरगं असं ताटकळत उभं राहिलेलं त्याला बघवेना. मग तो आपणच चार टाळ्या वाजवायचा. हळूहळू हाताला सवय लागली. दादा थांबले की सोमनाथचे हात उठायचे, मग तो तंबाखू मळत असो की फोनवर असो.

असा सगळा अभ्यास पक्का होत असताना शहादेव गेला.

शहादेव मेंढरं वळायचा. दरवर्षी त्याचा कळप आप्पारावांच्या रानात बसायचा. खत रानाला, शहादेवाला धान्य. अंगद लहानपणापासून त्याच्यामागं हिंडलेला. त्याला मामा म्हणायचा. बारावीला नापास झाल्यावर अंगद घरातून पळाला तो मुंबईला नाही गेला, पुण्यालाही नाही. चौसाळ्याच्या बाजूला शहादेवाचा कळप उतरला होता तिथं जाऊन बसला. आप्पाराव जीप घेऊन येईस्तोवर तिथंच राहिला. त्या दिवसांत काय झालं हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. आता मॅडमना सांगायची पाळी आली.

"दहावा?" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे शोकसभा का?"

"तसंच म्हना. पण घाटावर असतंय. कावळ्यासाठी बसतेत लोक."

मॅडमनी ठिकाणांची यादी उघडली. सभागृह होतं, मैदान होतं, वर्ग होता, टीव्हीची मुलाखत होती. घाट नव्हता. कावळा तर नव्हताच. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून त्यांनी 'निरोप समारंभ' निवडला. पाचशे माणसांचे कपडे गडद झाले, चेहरे जरा पडले. हात तेच राहिले.

"तुमची एखादी खरी आठवण सांगा," मॅडम म्हणाल्या.

अंगद म्हणाला, "मी पळून गेलतो. मामानं काईच इचारलं न्हाई. कावून आलास, कवा जाणार, काईच न्हाई. भाकर दिली. बसलो."

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या, आणि त्या खरंच हेलावल्या होत्या. "पण 'काहीच विचारलं नाही' यावर वाक्य उभं राहत नाही. आपण असं करू. 'जगानं मला विचारलं, तू पास का नापास? शहादेवमामानं विचारलं, लेकरा, तू जेवलास का?' आणि इथं थांबा."

"पण त्यानं इचारलं न्हवतं मॅडम."

"भावना तीच आहे ना?"

भावना तीच होती. अंगदनं आवाज चढवून वाक्य म्हटलं आणि थांबला. निरोप समारंभातल्या माणसांनी इतक्या टाळ्या दिल्या की त्याच्या अंगावर काटा आला. इकडं खोलीत सोमनाथनंही दिल्या. वाक्य ठरलं.

अंगद राजकारणासाठी उभा राहत होता हे खरं. पण त्याला छबुबाईसमोर, शहादेवाच्या बायकोसमोर, एकदा नीट बोलायचं होतं हेही तितकंच खरं. मयताच्या दिवशी तो गेलता आणि तिच्यापुढं नुसता उभा राहून परत आलता. ती म्हणाली होती, "ये रं," आणि ह्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ती बाकी त्याला चुकती करायची होती. बापाला मतं दिसत होती, पोराला छबुबाई दिसत होती, आणि दोघांचं काम एकाच भाषणात होणार होतं.

दहाव्याला घाटावर माणूस चांगला जमला. आप्पाराव येणार म्हटल्यावर मेंढरांशी काडीचा संबंध नसलेलेही आले. शहादेवाचा मुलगा हनुमान डोकं भादरून उघड्या अंगानं पिंडाजवळ बसलेला. गुरुजींनी पिंड मांडला, हनुमानसकट सगळे मागं सरले. पलीकडच्या बाभळीवर तीन-चार कावळे बसून होते आणि एकालाही घाई नव्हती.

बंकट सर माईकवर होते. दहावा असो की शाळेचं गॅदरिंग, सूत्रसंचालन त्यांचंच, आणि आवाजही एकच. त्यांनी एकेकाला बोलावलं. एकानं शहादेवाला देवमाणूस म्हटलं. दुसऱ्यानं त्याला आधी शहाजी म्हटलं, मग मागून कोणी तरी खोकल्यावर शहादेव केलं. कावळे बाभळीवरच.

"मामाची इच्छा कशात तरी अडकलीय," बायकांत कुजबुज सुरू झाली. छबुबाई पदर तोंडाला लावून बाभळीकडं बघत होती. दुसरीकडं कुठं ती बघतच नव्हती.

मग बंकट सरांनी अंगदचं नाव पुकारलं.

अंगद उभा राहिला तो लोकांकडं तोंड करून. म्हणजे पिंडाकडं पाठ. माईक तसाच लावलेला होता, त्याला इलाज नव्हता. त्यानं सुरुवात केली आणि गावाला पहिला धक्का तिथंच बसला. टकटक नाही. जीभ मोकळी. आवाज खालून वर, वरून खाली, डावीकडं बघणं, उजवीकडं बघणं. आप्पारावांनी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा उतरला.

घाटावर जे झालं ते दहाव्याला बसलेल्या कोणालाही कळेल. सगळ्यांचा श्वास एका जागी थांबला. कावळा वाळूवर दोन उड्या मारून पुढं आला. मान वाकडी करून पिंडाकडं बघितलं. हनुमाननं हात जोडले. छबुबाई अर्धी उठली. आता अंगदकडं कोणाची नजर नव्हती. सगळे त्याच्या पलीकडं बघत होते.

अंगदला पाठीला डोळे नव्हते. त्याला दिसलं ते एवढंच, की लोक एकदम गप्प झालेत, रंगलेत. त्यानं आवाज चढवला. "जगानं मला इचारलं, तू पास का नापास? शहादेवमामानं इचारलं, लेकरा, तू जेवलास का?"

आणि थांबला. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मग मध्ये. चेहऱ्यावर थोडं हसू ठेवलं.

काहीच झालं नाही.

असं माडीवर कधी झालं नव्हतं. आपला आवाज कमी पडला असणार, असं त्याला वाटलं असावं; कारण त्यानं तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हटलं, हात वर केला, आणि पुन्हा थांबला. तसाच हसत. बापाच्या दहाव्याला बसलेल्या हनुमानसमोर, तोंडावर हसू घेऊन, हात वर करून तो उभा. कावळा पिंडापासून वीतभरावर आला होता.

जीपला टेकून उभ्या असलेल्या सोमनाथला ते बघवलं नाही. त्याचे हात उठले.

एकट्यानं वाजवली असती तर निभलं असतं. पण आप्पारावांच्या माणसांपैकी एकानं टाळी वाजवली की बाकीचे डोक्याला विचारत बसत नाहीत. जीपजवळची सगळी रांग वाजवू लागली. तिकडून वाजतंय म्हणून कडेच्या दोघा-तिघांनी वाजवली. घाटाला घुमारा चांगला आहे.

कावळा उडाला. बाभळीवरचेही उडाले.

"कोन हाय बे?" हनुमान उठून उभा राहिला. "टाळ्या कावून वाजविल्या बे? तमाशा हाय का हितं?"

"दादा थांबले म्हनून..." सोमनाथ म्हणाला, आणि आपल्याच हातांकडं बघत राहिला.

अंगद मागं वळला. पिंड जसाच्या तसा होता. वाळूवर कावळ्याच्या पायाच्या खुणा पिंडापर्यंत येऊन थांबलेल्या. त्याला कोणी काही सांगावं लागलं नाही.

मग जे करतात ते सुरू झालं. लोक पिंडासमोर येऊन वचन द्यायला लागले. मेंढरं विकणार न्हाई. छबूला अंतर देणार न्हाई. नातीला शिकवू. कावळ्यांचा पत्ता नव्हता. शेवटी एक म्हातारा बोलला, "अंगदला म्हना काई तरी बोल. त्याचं लई करायचा शहादेव."

लोकांनी अंगदला पुढं केलं. त्यानं पिंडासमोर हात जोडले. ओठ हलले. आत काय होतं ते आत राहिलं. कोणाचा तरी पाय वाजला, कोणी तरी खाकरलं, आणि तो तसाच उभा. आता त्याला कोणी माईक दिला नव्हता, तरी दात वाजत होते.

आप्पारावांना सोसेना. पोराची चाललेली शोभा थांबवायची म्हणून ते म्हणाले, "गुरुजी, ऊन व्हायलंय. दर्भाचा करून टाका की."

गुरुजींच्या पिशवीत दर्भ होताच. खरा कावळा आला नाही तर गवताचा कावळा करून पिंडाला लावतात. शास्त्रात सोय आहे. त्यांनी पिशवीत हात घातला.

"न्हाई," हनुमान म्हणाला. "माझा बाप हाय त्यो. खरा कावळाच शिवंल."

"अरे, चालतंय ते. शास्त्र हाय."

"तुमाला चालंल आप्पा. तुमच्या माडीवर माणसं बी खोटी चालतेत. आमाला कावळा तर खरा असू द्या."

घाटावर कोणी हसलं नाही. एरवी असलं वाक्य गावानं महिनाभर चघळलं असतं. आप्पाराव जोड्याकडं बघायला लागले. अंगदनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तेव्हा छबुबाई बायकांतून उठून आली. पदर सावरून ती पिंडाजवळ थांबली, कडेच्या झाडांकडं एकदा बघून घेतलं, मग अंगदकडं. त्याचा चेहरा बघून म्हणाली, "गुरुजी, करा दर्भाचा."

"आई!"

"करू दे हनुमाना. पोरगं कवाचं उन्हात उभं हाय. त्येंना आवडायचं न्हाई."

हनुमान खाली बसला. गुरुजींनी दर्भाला गाठ मारली, चोच काढली, पिंडाला लावली. लोकांनी घाईघाईनं हात जोडले आणि पायात चपला सरकवल्या.

छबुबाई अंगदच्या जवळून जाताना थांबली. रागानं नाही, एखाद्याच्या शर्टाचं बटण चुकीचं लागलेलं असावं आणि ते नीट करून द्यावं, तशा आवाजात म्हणाली, "त्येंनी इचारलं न्हवतं रं अंगदा. त्येंनी कुणालाच कदी काई इचारलं न्हाई. भाकर म्या दिलती."

अंगद "मामी" म्हणाला. एवढंच. ती पुढं गेली.

नंतर गावानं आपल्या रीतीनं हिशोब मांडला. कोणी सोमनाथच्या नावावर टाकलं, कोणी झापडीच्या. हनुमाननं आप्पारावांच्या रानातून कळप उठवला आणि दिंद्रुडच्या पलीकडं नेला. कोणा पोरानं टाळ्यांचा व्हिडिओ काढला होता, तो फोनाफोनातून फिरला. आप्पारावांनी तो बघून मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "असू दे. नाव तर झालं गणात." बापानं तोटा असा नफ्यात धरल्यावर पोराला घरात जेवतानाही मान वर करायची सोय राहिली नाही. तो मळ्यात जायचा तेही घाटाची वाट सोडून, लांबून.

प्रियदर्शनी मॅडमचा तास आला तेव्हा त्यानं सोमनाथला खोलीबाहेर काढलं, कडी लावली आणि डबा बांधला. मॅडमनी आधीच निरोप समारंभ उघडून ठेवला होता. गडद कपड्यांतली पाचशे माणसं तयार होती.

"कसं झालं?" मॅडमनी विचारलं. "वाक्य पोहोचलं का?"

"टाळ्या पडल्या."

"बघा! मी म्हणाले नव्हते?"

अंगद समोरच्या माणसांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ह्यांना नुसतं बसवता येतं का?"

"नुसतं म्हणजे?"

"टाळ्या न वाजवता. मी बोललो तरी बसतेल, न्हाई बोललो तरी बसतेल. असं."

मॅडमनी शोधलं. त्या शोधत होत्या हे त्यांच्या तरंगत्या हातांवरून कळत होतं. "कमी प्रतिसाद आहे," त्या म्हणाल्या. "गोंधळ घालणारे आहेत, मध्येच उठून जाणारे आहेत. नुसते बसणारे नाहीत यात. पण का? तुम्हाला तर आता जमायला लागलंय."

"एकडाव म्हनून बघतो."

"म्हणा ना."

त्यानं हातातल्या मुठी घट्ट धरल्या. "मामानं मला काईच इचारलं न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "भाकर मामीनं दिलती. मी..."

पुढचं त्याला बोलता येईना. तो थांबला.

पाचशे माणसांनी हात उचलले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा अंगदजी," मॅडम त्या आवाजात म्हणाल्या, "आजचा विराम अगदी नैसर्गिक होता."